अर्ध्या किलोची रेघ

मी एका बाईला खोटे ठरवले. तिने खोटे काहीच केले नव्हते. दोन वाक्यांत सांगून होण्यासारखी ही गोष्ट स्वतःशी कबूल करायला मला बरेच महिने लागले, आणि ते महिने मी मजेत काढले, हे त्याहून वाईट. देवाच्या कृपेचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण स्वतःवर आलेल्या संकटापासून सुरुवात करतात. माझ्यावर संकट आलेच नव्हते. मी ते दुसऱ्या कुणावर तरी आणले होते आणि घरी येऊन निवांत चहा पीत होतो. म्हणून मला माझ्या चुकीपासूनच सुरुवात करावी लागते आहे.

आमचे गाव किनाऱ्याकडच्या कट्टा या बाजाराच्या गावापासून थोडे आत आहे. वडिलोपार्जित भातशेती, थोडी काजूची बाग. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. मुलीचे लग्न झाले आणि मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आयुष्यभर फळ्यावर आकडे लिहिले, आता ते कुणाच्या तरी उपयोगी पडावेत असे वाटत होते. माझा एक जुना विद्यार्थी परदेशात सामाजिक आरोग्याचे काम करतो. त्याच्या ओळखीने टांझानियातील एका सेवाभावी संस्थेत मी अकरा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेलो. एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावांत दोन वर्षांखालील मुलांचे दर महिन्याला वजन करायचे आणि कोणत्या गावात, कोणत्या महिन्यांत मुले खंगतात हे शोधायचे, असे ते संशोधन होते. ज्या गावांची गरज त्यातून दिसेल त्या गावांतल्या मुलांना पुढच्या वर्षी पौष्टिक पीठ मिळणार होते. वजने गावातल्याच आरोग्यसेविका करायच्या. त्यांच्या वह्या तपासणे हे माझे काम.

तिथे मला परके वाटले नाही. बायका किनाऱ्यावर बोटाएवढे चंदेरी मासे वाळत घालत. तिथे त्यांना डागा म्हणतात. वारा सुटला की सुक्या मासळीचा वास थेट आमच्या ऑफिसात. सकाळी होड्या लागल्या की व्यापारी हुकाचा काटा घेऊन यायचे, मोठा मासा कल्ल्यात हुक घालून लटकवायचे आणि आरडाओरडा करत भाव ठरवायचे. माझ्या बायकोचे माहेर देवबागचे, होड्यांमध्येच ती वाढलेली. तिला मी फोनवर हे सगळे सांगायचो. तिथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणजे जुमाची आई ती मामा जुमा, हे सांगितल्यावर ती इतकी हसली की फोन मुलीकडे द्यावा लागला. "बाईमाणसाक मामा म्हणतास? मगे मामाक काय, मावशी?"

मामा जुमा ही आमच्या सेविकांपैकी सर्वांत वयस्कर. पन्नाशी उलटलेली, उंच, कमी बोलणारी. तिच्याकडे सरोवराच्या टोकाची दोन गावे होती. तिला स्वाहिली सोडून दुसरी भाषा येत नव्हती आणि मला स्वाहिली नमस्कारापलीकडे येत नव्हती, त्यामुळे आमचे बोलणे कधी झालेच नाही. ती महिन्याच्या शेवटी येऊन वही टेबलावर ठेवायची, दोन्ही हातांनी ती सरळ करायची आणि जायची.

परतायला थोडे दिवस राहिले असताना मी तिची वही पहिल्यांदा नीट पाहिली. बाकी सेविकांच्या वह्यांत सहा किलो तीनशे, सात किलो आठशे असे आकडे होते. मामा जुमाच्या वहीत पानामागून पान नुसते पूर्ण किलो किंवा साडे. पाच, साडेपाच, सहा, साडेसहा. असे आकडे दिसले की संख्याशास्त्राच्या माणसाचे कान टवकारतात. मनाने रचलेले आकडे बहुतेक वेळा असे गोल असतात, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले होते. संस्थेने प्रत्येक सेविकेला लटकता काटा आणि मुलाला बसवायची कापडी झोळी दिली होती. मी तिची पिशवी मागवली. झोळी कोरी करकरीत, दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला वाटले, हा तर पुरावाच झाला. बाई घरी बसून वही भरते आहे.

आमच्या कामाच्या प्रमुख डॉक्टर एस्थर तिथल्याच होत्या. त्यांना मी लेखी अहवाल दिला. त्यांनी विचारले, "तुम्ही तिच्याशी बोललात?" मी म्हणालो, आकडे बोलतात. तरी त्यांनी तिला बोलावून घेतले. ऑफिसशेजारच्या दवाखान्याच्या अंगणात त्या दिवशी मुलांना घेऊन बऱ्याच आया आल्या होत्या, त्या सगळ्यांच्या देखत हे झाले. एस्थरना मी सांगितले होते की एकच प्रश्न विचारा, तिला गोष्टी रचायला वाव देऊ नका. त्यांनी विचारले, "तू हा काटा वापरलास का?" मामा जुमा म्हणाली, "नाही." मी वही मिटली. मग ती आणखी एक वाक्य बोलली आणि एस्थरनी माझ्याकडे बघत ते मला सांगितले. "ती म्हणते, माझ्याबरोबर घरोघर चला." मी म्हणालो, माझ्याकडे चार दिवस आहेत आणि अकरा वह्या बाकी आहेत. पावसाने टोकाच्या गावांचा रस्ताही खराब झाला होता. मामा जुमाने संस्थेचा निळा डगला अंगातून काढला, घडी केली, टेबलावर ठेवला आणि ती गेली. आया आपापसांत काहीतरी बोलत होत्या. मी पुढची वही उघडली.

गावी आल्यावर ही हकीकत मी पुष्कळ ठिकाणी सांगितली. कॉलेजच्या एका कार्यक्रमात तर आकड्यांवरून खोटे कसे पकडावे याचे उदाहरण म्हणून रंगवून सांगितली. वहीच्या एका पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो पडद्यावर मोठा करून दाखवला. लोक हसले, टाळ्याही पडल्या. मला मनातून टोचणी होती, झोप लागत नव्हती, असे लिहिता आले असते तर बरे दिसले असते. तसे काही नव्हते. मला छान झोप लागत होती.

काजूला मोहोर आला होता तेव्हा एस्थरची मेल आली. शेवटचा अहवाल तयार होता आणि त्यावर माझी संमती हवी होती. मामा जुमाची दोन गावे विश्वास ठेवण्याजोगी माहिती नाही म्हणून वगळली होती. त्यामुळे पिठाच्या यादीतही ती गावे नव्हती. हे वाक्य मी वाचले आणि पुढे गेलो, कारण पुढे माझ्यासाठी निमंत्रण होते. आणखी एक वर्ष या, या वेळी सगळ्या वह्यांच्या तपासणीचे प्रमुख म्हणून. दोन्हीचे उत्तर दहा दिवसांत कळवायचे होते. बायकोचा विरोध होता. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती, नात चार महिन्यांची झाली होती, अशा वेळी कसले परदेश, असे तिचे म्हणणे. आमच्यात वाद झाला की आम्ही गावच्या रवळनाथावर सोपवतो. ती म्हणाली, "जावा, कौल लावन येवा. देव काय म्हणात ता."

कौल ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपला प्रश्न गुरव आपल्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, त्याला गाऱ्हाणे म्हणतात. मग देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नाही. पिढ्यान् पिढ्या आमची लग्ने, विहिरी, भांडणे याच्यावर ठरत आली आहेत. मी शिकलेला माणूस, पण रवळनाथासमोर कधी वाद घातला नाही. खरे तर माझी श्रद्धा अशी होती की देव माझ्या बाजूने आहेच, कौल फक्त ते इतरांना दाखवायला.

आमचे गुरवकाका सत्तरी ओलांडलेले. मी चड्डीत होतो तेव्हापासून मला ओळखतात. त्यांनी विचारले, "थंय जावन काय करतलंस?"

"लोकांची कामे तपासायची."

"मागच्या खेपेक काय केलंस?"

"तेच. एक बाई खोटी वही भरायची, ती पकडली."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक परत परमुलखात जावचा आसा. बरा असात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी रे म्हाराजा!" मागे बसलेले लोक म्हणाले, "होय म्हाराजा!"

पाकळ्या लागल्या. आम्ही बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. एकही पाकळी हलेना. त्या दिवशी कौल घ्यायला सात-आठ माणसे होती, ती चुळबुळ करायला लागली. मागून एक जण म्हणाला, "काका, पंखो लावा, दोनय पडतले." गुरवकाका मान न वळवता म्हणाले, "तुझो नंबर इलो की घरसून घेवन ये पंखो." सगळे हसले. मी हसलो नाही. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःच पाकळ्या काढल्या, पाण्यात सोडल्या आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "मास्तर झालंस तरी गाऱ्हाणा सांगूक येणा नाय तुका. अर्धा सांगतंस. देवाक सगळा कळता रे, पण माका कळूक नको? मी थंय काय म्हणान उभो रवू?"

मला राग आला. गाडीवरून घरी येताना मी मनात सगळे नीट मांडले. पहाटे दव पडलेले, पाषाण गार, पाकळ्या नको तितक्या ओल्या. याच्यात दैवी काही नाही. घरी पोचलो तर अंगणात अंगणवाडीची सेविका सुगंधा आलेली. नातीचे वजन करायला. तिच्या हातात हुकाचा लटकता काटा आणि कापडी झोळी. अगदी तशीच. आणि माझी बायको नातीला छातीशी धरून ओटीवर उभी.

"गो सुगंधा, माझ्या नातीक हुकाक लटकवतलंस? सुरमय आसा ती?"

"काकी, सरकारी काटो आसा तो. बाजारातलो नाय."

"सरकारी आसूंदे नायतर देवाचो. हुक तोच मां? मगे सांगशीत, साडेपाच किलो भरली, साफ करून व्हयी काय?"

मुलगी ओटीवर बसून पोट धरून हसत होती. सुगंधाही हसली, पण तिला काही नवल वाटले नाही. तिने स्कूटरच्या पुढ्यातून जमिनीवर ठेवायचा चपटा काटा काढला, उभे राहून वजन करतात तो. "तुमी काय पयल्या नाय, काकी. मासे मारणाऱ्या खारव्यांच्या घरातली एकय बाय पोराक हुकाक लावक देणा नाय. मगे आमी हो घेवन फिरतो." तिने मुलीला नातीला घेऊन काट्यावर उभे केले. अठ्ठावन्न. मग नात आजीकडे, मुलगी एकटी. साडेबावन्न. सुगंधाने वहीत लिहिले, साडेपाच.

मी सवयीने म्हणालो, "नेमके किती, सुगंधा? पाच चारशे की पाच सहाशे? असे गोल आकडे लिहू नयेत."

ती वही मिटता मिटता म्हणाली, "मास्तर, ह्या काट्यार अर्ध्या किलोचीच रेघ आसा. मधलो आकडो मी खयसून आणू? लिवलंय तर तो खोटो जातलो." आणि चहा घेऊन ती पुढच्या घरी गेली.

मी ओटीवर बसून राहिलो. बायकोला वाटले कौल डावा पडला. मी फोन काढला आणि मामा जुमाच्या वहीचा तो फोटो उघडला. कितीतरी लोकांना मी तो दाखवला होता, पण वाचला नव्हता. एका मुलाची ओळ होती: साडेपाच, सहा, सहा, साडेपाच, सहा, साडेसहा. पावसाच्या महिन्यात मूल अर्धा किलो उतरले होते आणि नंतर सावरले होते. दुसऱ्या एका मुलीच्या नावापुढे तीन महिने कोरे होते आणि बाजूला बारीक अक्षरात काही लिहिले होते. त्या पानावर असे कोरे चौकोन सात-आठ तरी होते. घरी बसून वही भरणारा माणूस चौकोन कोरे कशाला सोडेल? तो मुलाला आजारी कशाला पाडेल? रचलेल्या आकड्यांत मुले दर महिन्याला शहाण्यासारखी वाढतात. हेही मी वर्गात शिकवले होते. तिच्या वहीतली मुले खऱ्या मुलांसारखी खाली-वर होत होती.

मी त्या बाईचे गाव पाहिले नव्हते, पण तिथला किनारा अकरा महिने रोज पाहिला होता. हुकाला लटकणारे मासे पाहिले होते. तिथल्या आयांना त्या हुकाबद्दल काय वाटत असेल हे समजायला मला दुसरी भाषा यायची गरज नव्हती. माझी बायको देवबागची आहे. मला फक्त विचारायला हवे होते.

एवढे कळल्यावर मी त्याच दिवशी पत्र लिहिले असेन असे कुणाला वाटेल. मी दोन दिवस स्वतःचा बचाव केला. हे सगळे माझे तर्क आहेत, तिच्याकडे दुसरा काटा होता हे कुठे सिद्ध झाले? असला तरी नेमून दिलेला काटा तिने वापरला नाही, म्हणजे नियम तिने मोडलाच. तांत्रिकदृष्ट्या माझा अहवाल बरोबर. आणि एस्थरनी सही केली होती, जबाबदारी त्यांचीही. याच्या मागे आणखी एक गोष्ट होती, ती मी शब्दांत आणत नव्हतो: हे उघड केले की तपासणीचा प्रमुख म्हणून मला कोण बोलावणार? शेवटी बायकोला सांगितले. ती कोलंबी सोलत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमी तिका इचारलात?"

"नाही."

"मगे तुमका कसा कळला?"

तिने पुढची कोलंबी घेतली. सोलता सोलता म्हणाली, "आणि थंयली पोरा? तेंका पीठ गावचा नाय मां आता?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. देवळात गर्दी. मी गुरवकाकांच्या शेजारी बसलो आणि या वेळी काहीही न वगळता सांगितले. मला वाटले होते ते पूर्वीसारखे दोन शब्दांत आटपतील. ते उभे राहिले आणि ज्या आवाजात गावाच्या पावसापाण्याचे मागणे मागतात त्या आवाजात सुरू झाले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू परमुलखात गेला. थंय एका बायेवर तेना आळ घातलो. तिका इचारल्यान नाय, तिच्या दारात गेलो नाय. तिचा काम गेला, चार माणसांत नाव गेला, आणि थंयली पोरा उपाशी रवाची पाळी इली. ता तेका आज कळला हा. लपवन ठेवणा नाय. तेका आता सरळ वाटेक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पन्नास-साठ माणसे म्हणाली. त्यांत माझे विद्यार्थी होते, आमच्या वाडीतले लोक होते, परवा पंख्याची थट्टा करणारा तोही होता. त्यांच्यातल्या कुणालाही मी काय केले याच्याशी देणेघेणे नव्हते, ते नेहमीसारखेच म्हणाले. पण माझी चूक इतक्या माणसांच्या तोंडून देवासमोर गेली. त्या गाऱ्हाण्यात एकही कारण नव्हते. पाऊस नव्हता, खराब रस्ता नव्हता, अकरा वह्या नव्हत्या, तांत्रिकदृष्ट्या नव्हते. मी दोन दिवस जे रचत होतो त्यातले काहीच गुरवकाकांनी देवाला सांगितले नाही. मी पाकळ्यांसाठी हात पुढे केला तर ते म्हणाले, "आता कौल कित्याक? काय करूचा ता तुका ठाव नाय?"

मला ठाऊक होते. घरी येऊन मी एस्थरना लिहिले. अहवालावर सही करू शकत नाही, माझा निष्कर्ष चुकला असावा असे मला वाटते, कृपा करून मामा जुमाच्या घरी आणि त्या दोन गावांत जाऊन पाहा. माझी बाजू मांडणारे दोन परिच्छेद आधी लिहिले होते, ते काढून टाकले. निमंत्रणाला नकार कळवला. नाहीतरी आता ते मला बोलावू नयेत हेच योग्य होते.

साडेतीन आठवडे उत्तर आले नाही. त्या दिवसांत मी रोज देवळात जाऊन बसायचो. काही मागत नव्हतो. ती वही खरीच निघाली तर माझी अब्रू जाते आणि खोटी निघाली तर मी सुटतो, अशी परिस्थिती होती, आणि ती खरी निघू दे असे मनापासून वाटायला मला त्यातले बरेचसे दिवस लागले. एका सकाळी पायरीवर बसलेलो असताना लक्षात आले की आपल्याला खरोखरच तसे वाटते आहे. नवस फेडल्यावर वाटते तसे हलके वाटले. देव पावतो म्हणजे काय, हे मला कुणी विचारले तर मी ती सकाळ सांगेन. पाकळी का पडली नाही आणि त्याच दिवशी सुगंधा काटा घेऊन दारात का आली, हे मी कुणाला पटवत बसणार नाही. महिन्यातून एकदा ती येतेच. पण माझ्यासाठी ती त्याच दिवशी आली, आणि त्याबद्दल मी रवळनाथाचे पाय कायम धरून आहे.

मग एस्थरचा फोन आला. त्या स्वतः गेल्या होत्या. मामा जुमाच्या घरात जुना, वर्तुळाकार तबकडीचा उभा काटा होता, तिच्या नवऱ्याने पूर्वी कधीतरी मिशनच्या दवाखान्यातून मोडीत आणलेला. अर्ध्या किलोच्या रेघांचा. ती तो डोक्यावर घेऊन दोन्ही गावे फिरायची, कारण हुकाला मूल लावू द्यायला एकही आई तयार नव्हती. एस्थर सोळा घरांत गेल्या. सोळाही आयांनी सांगितले, ती दर महिन्याला यायची. काम सुटल्यावरही ती जात होती आणि शाळेच्या जुन्या वहीत वजने लिहीत होती. ती वही एस्थरनी संस्थेसमोर ठेवली. अर्ध्या किलोच्या मापाची नोंद करून दोन्ही गावे अहवालात घेतली गेली, पिठाच्या यादीतही. "चूक माझीही आहे," एस्थर म्हणाल्या. "मी जायला हवे होते."

"मामा जुमा कामावर परत येतील?" मी विचारले.

"तिची एक अट आहे. तुमच्याकडून पत्र नको म्हणते. ज्या अंगणात, ज्या बायकांसमोर तिला डगला काढावा लागला, तिथे त्याच बायकांसमोर तुम्ही बोलायचे."

तिकडच्या बायकांना कुणी गाऱ्हाणे शिकवले नसेल, पण मला ती अट ओळखीची वाटली. ठरलेल्या दिवशी दुपारी मी देवाला नमस्कार केला आणि ओटीवर फोन घेऊन बसलो. बायको शेजारी बसली. पडद्यावर दवाखान्याचे अंगण दिसले, मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आया, आणि पुढे खुर्चीवर ताठ बसलेली मामा जुमा. साध्या कपड्यांत. एस्थरनी फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाल्या, तुम्ही एकेक वाक्य बोला, मी सांगते. मी आदल्या दिवशी बरेच लिहून ठेवले होते. कागद हातात घेतला आणि पहिलीच ओळ 'त्या वेळी परिस्थिती अशी होती' अशी निघाली. मी कागद बाजूला ठेवला.

मी म्हणालो, "मामा जुमा, तुमच्या वहीतला प्रत्येक आकडा खरा होता."

एस्थरनी ते सांगितले. आयांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली.

"मी तुम्हाला काही विचारले नाही. तुम्ही घरोघर चला म्हणालात, मी आलो नाही. इथे, या सगळ्यांसमोर, मी तुम्हाला खोटे ठरवले."

मामा जुमाचे हात मांडीवर होते. तिने मान हलवली नाही, नजरही काढली नाही.

"खोटे मी लिहिले होते," मी म्हणालो. "मला क्षमा करा."